आत तीनशे अठरा, बाहेर तीनशे सतरा

एक बाई आत गेली आणि बाहेर आली नाही. म्हणजे कागदावर नाही आली. कागदाबाहेर तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि सध्या माझं जे काही चाललंय, म्हणजे भरल्या ताटावरून उठणं, न्हाणीघरात नळ सोडला की दचकणं, बायकोला उगाच टाकून बोलणं, ते सगळं एवढ्याचसाठी. आत तीनशे अठरा, बाहेर तीनशे सतरा. मी स्वतः मोजलेत. मरिनात, म्हणजे होड्या लावायच्या धक्क्यावर, जायला-यायला वाट एकच, एक लोखंडी फाटक आणि त्यापुढे पाण्यावरचा अरुंद पूल. फाटकाशी मोठ्या छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी, मांडीवर पॅड, सकाळी सात ते संध्याकाळी सात, बारा दिवस. मरिनाचं नवं काहीतरी करायचं चाललंय. हॉटेलं, दुकानं, पाण्याकडेनं फिरायला रस्ता, वर फ्लॅट. त्याआधी आजचे लोक ही जागा कशी वापरतात ते कळायला हवं, म्हणून ही मोजणी. येणाऱ्याची नोंद डावीकडे, जाणाऱ्याची उजवीकडे. बाई की पुरुष, वय अंदाजे, आणि कशासाठी आला: फिरणं, बसणं, मासे, होडीचं काम, इतर. संध्याकाळी डावी बाजू आणि उजवी बाजू जुळली पाहिजे. यात कठीण काही नाही. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होतो, तिथे मला टोटलकाका म्हणायचे, आणि ते नाव मी मिरवायचो.

नवव्या दिवशी संध्याकाळी आर्किटेक्टबाई कागद न्यायला आल्या. तिशीतल्या असतील, स्वभावाने गोड, मला काका म्हणतात आणि येताना माझ्यासाठी चहा आणतात. उभ्याउभ्याच त्यांनी बेरजेवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "काका, आत एक जास्त दिसतोय हो." बस्स, एवढंच. ना कपाळाला आठी, ना आवाज चढलेला. पण माझे कान तापले. टोटलकाकाची टोटल चुकते म्हणजे काय! "अरे हो की, ही राहिलीच," असं म्हणत मी उजवीकडे एक ओळ भरून टाकली. बाई, साठच्या वर. त्या कागद घेऊन गेल्या. चहा संपवून कप टाकायला उठलो तेव्हा लक्षात आलं, की मी नुसती ओळ भरली नव्हती. मी बाई लिहिलं होतं. साठच्या वर लिहिलं होतं. कोण बाहेर आलं नाही ते मला कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं, पण हाताला माहीत होतं. मी परत खुर्चीत बसलो. वॉचमन म्हणाला, "काय काका, घरी जायचं मन नाही वाटतं? वहिनींनी बाहेर काढलं की काय?" मी हसलो.

आठवायला वेळ लागला नाही. अकरा-सव्वाअकराच्या सुमाराला ती आत गेली. तपकिरी स्वेटर, डोक्याला रुमाल, एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. कॅन जड असणार, कारण ती दर दहा पावलांवर हात बदलत होती. मला पाहून ती थबकली. "तुम्ही रोज असता इथे?" मी म्हटलं, "सात ते सात. अजून तीन दिवस." ती माझ्या पॅडकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांना लिहिता?" मी म्हटलं, "सगळ्यांना." ती नुसती मान हलवून निघाली. मी इतर लिहिलं. आता मला त्या मान हलवण्याचे हजार अर्थ दिसतात आणि त्यातला एकही चांगला नाही. माणूस पाण्यात जीव द्यायला निघाला की शेवटचा प्रश्न असाच काहीतरी विचारत असेल, मला कुणीतरी लिहिलंय ना, एवढं बघत असेल. मग मी स्वतःला समजावतो, की अरे बाबा, जीव द्यायला निघालेली बाई पाण्याचा कॅन कशाला घेऊन जाईल? पण भीतीला हिशोब कळत नाही. पिशवीत दगड असतील असं माझं मन म्हणतं. शिवाय दोन वाजून दहा मिनिटांनी मी बाथरूमला गेलो होतो, चार मिनिटं, तेवढ्यात वॉचमनने लक्ष ठेवलं होतं. त्या चार मिनिटांत ती निघून गेली असेल. वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो, "गेली असेल की, मी काय बायका बघत बसतो होय?" त्या चार मिनिटांवर मी दोन दिवस काढले.

मोजायला बसलं की माणसं वेगळीच दिसतात, हे मी बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. महागाचे बूट घालून एक डॉक्टर पळायला येतो, पळता पळता फोनवर पेशंटवर ओरडतो. फिरणं. एक नवरा-बायको रोज साडेपाचला येतात आणि पुलाच्या टोकाला उभं राहून हळू आवाजात कडाकडा भांडतात, घरी भांडायला जागा नसावी. तेही फिरणं. टाय लावलेला एक माणूस दुपारी सगळ्यांकडे पाठ करून डबा खातो आणि नंतर पाऊण तास नुसता पाण्याकडे बघतो. बसणं. एक मुलगी फोनवर बोलत येते, रडते, आरशात डोळे नीट करते आणि जाते. रडण्याला रकाना नाही, म्हणून इतर. एक गळवाला दहा दिवसांत एकही मासा पकडू शकला नाही, पण संध्याकाळी बादली मात्र अशी घासून नेतो की जणू भरली होती. होड्यांचे मालक, ज्यांच्यासाठी हे सगळं बांधलं, ते वर्षातून दोनदा येतात म्हणे. आर्किटेक्टबाई एकदा माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "काका, या जागेत किती काय होऊ शकतं ना!" मला तेव्हा पटलं होतं. आता त्या जागेत काय काय होऊ शकतं याचाच मी विचार करतो.

दहाव्या दिवशी, अकराव्या, बाराव्या दिवशी मी फाटकावर त्या बाईची वाट बघितली. म्हातारी बाई दिसली की मी मान लांब करून बघायचो, जवळ आली की दुसरीच कोणी निघायची. एकदा मागून तपकिरी स्वेटर दिसला आणि मी खुर्चीवरून उठून धावलो, तर तो एक गृहस्थ निघाला, वर मलाच "काय हवंय?" म्हणून विचारतो. दुपारी पॅड वॉचमनच्या हाती देऊन, डबा तसाच ठेवून मी धक्क्याच्या कडेने फिरत होतो. होडी आणि धक्का यांच्यामध्ये हातभर फट असते. वरून बघितलं तर तिथलं पाणी हिरवं नसतं, निळं नसतं, काळपट असतं, त्यावर तेलाचा तवंग, बाटल्या, तुटकी चप्पल. आणि एका फटीत मला कापड दिसलं. फुगलेलं, तपकिरी.  तिथे होड्यांचे तळ खरवडणारा मिस्त्री असतो, त्याने लांब हूक घालून ते वर ओढलं. शिडाचं जुनं कव्हर होतं. "काका, काही हरवलंय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "चष्मा." तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तो तर डोळ्यांवर आहे." मग तो हसला, आणि हसता हसता मला जरा जास्तच वेळ न्याहाळत राहिला. त्याला काहीतरी माहीत आहे असं मला वाटून गेलं. पण त्या दिवसांत मला प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे असंच वाटत होतं.

खरं सांगायचं तर मला त्या बाईची जितकी काळजी होती तितकीच स्वतःची भीतीही होती. मोजणी काय कुणाचीही चुकते. पण ज्याला चूक दिसली आणि ज्याने ती झाकली, तो वेगळा. आणि मी हे पहिल्यांदा करत नव्हतो. कारखान्यात एकदा बॉयलरच्या खोलीतून धूर आला, भोंगा वाजला, सगळे अंगणात. प्रत्येकाने बाहेर येताना आपलं कार्ड माझ्या फळीवर लावायचं अशी पद्धत. मॅनेजर घामाघूम होऊन माझ्याकडे आले, "सगळे बाहेर?" फळीवर एक खाच रिकामी होती. मला दिसली. पण चारशे माणसं माझ्याकडे बघत होती, मॅनेजर बघत होते, आणि मला वाटलं की कोणीतरी कार्ड लावायला विसरला असेल, आता 'एक कमी आहे' म्हणून सगळ्यांसमोर गोंधळ कशाला? "सगळे बाहेर, साहेब," मी खणखणीत आवाजात म्हणालो. त्यांनी आतली दारं बंद करायला लावली. वीस मिनिटांनी पॅकिंगमधला एक जण मागच्या खिडकीतून उडी मारून, पँटला हात पुसत आला आणि म्हणाला, "काय रे, सुट्टी झाली काय?" संडासात बसला होता तो. काय हसले सगळे! सगळ्यात मोठ्याने मी हसलो. घरी जाऊन ओकलो आणि बायकोला म्हटलं, दूध नासकं होतं. ती आजतागायत त्या दुकानातून दूध घेत नाही.

बायकोला या वेळीही मी काही सांगितलं नव्हतं. ती मात्र डोळे मिटून थोडीच बसली आहे. मोजणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मी चौथ्यांदा पेपर चाळत होतो. पाण्यात कुणी सापडलं असं कुठे आलंय का ते बघत होतो. ती समोर येऊन बसली. "अहो, चार दिवस बघतेय. आंघोळीला जाता आणि दोन तांबे ओतून बाहेर येता. पेपरात काय तुमचा फोटो यायचाय का?" मी म्हटलं, "तू गप्प बस गं." ती गप्प बसली नाही. "काय केलंत?" असं विचारलं. काय झालं असं नाही, काय केलंत. चौतीस वर्षांच्या संसारात बायको कसं विचारावं ते शिकलेली असते. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गॅसवर काही करपत असावं तशी एकदम उठली आणि माझा फोन आणून माझ्या हातात दिला. "लावा. आत्ता, माझ्यासमोर."

आर्किटेक्टबाईंनी फोन उचलला तो हसतच. रिपोर्ट उद्या सकाळी जायचाय, खूप छान झालाय, काका, तुमच्या मोजणीमुळे. मी म्हटलं, "मॅडम, नवव्या दिवशी मी एक ओळ उगाच भरली. ती बाई बाहेर आली नव्हती. मला वाटतं ती पाण्यात..."   त्या म्हणाल्या, "काका, घाबरू नका. तुम्ही बाथरूमला गेला असाल." मी म्हटलं, गेलो होतो, पण माझा हात म्हणतोय की ती गेली नाही. यावर त्या हसल्या नाहीत. एकदम वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "मागच्या रांगेतल्या जुन्या होड्यांत कोणी राहतं का, काका?" मला हे सुचलंच नव्हतं. आई शपथ सांगतो, चार दिवसांत एकदाही नाही. माझ्या मनात फक्त पाणी होतं. त्यांनी सांगितलं, की रिपोर्टमध्ये राहणाऱ्यांच्या पुढे शून्य आहे, कारण बाराही दिवस आकडे जुळलेत. शून्य असल्यामुळे मागची रांग एक तारखेला क्रेनने उचलतील, सगळ्या होड्या तोडायला जातील. कोणी राहत असेल तर गोष्ट वेगळी, मग नोटीस द्यावी लागते, दुसरी जागा द्यावी लागते, सहा महिने काम थांबतं. "वरचे लोक माझ्यावर चिडतील," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही होडीचा नंबर आणि माणसं किती, एवढं भरून आज संध्याकाळपर्यंत आणून दिलंत तर मी रिपोर्टला जोडीन. नक्की असेल तरच हं, काका. अंदाजाने नको." एक तारखेला आठ दिवस उरले होते. बायकोने माझ्या पॅडवर उरलेला एक कोरा फॉर्म घडी घालून माझ्या खिशात घातला आणि पेनही दिलं.

दुपारचं ऊन होतं. आज फाटकावर खुर्ची नव्हती, छत्री नव्हती, वॉचमनने मला पाहुण्यासारखं आत सोडलं. पुलावरून चालताना मला जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं वाटत होतं, की ती जिवंत असू दे. मिस्त्री तळ खरवडत बसला होता. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मागे कोणी राहत नाही काका. सगळ्या रिकाम्या." मी म्हटलं, "मी कुठे काय विचारलं?" तो खाली मान घालून परत खरवडायला लागला. मागच्या रांगेत अकरा होड्या. रंग उडालेल्या, काहींवर पक्ष्यांची घाण, दोन पाण्यात कललेल्या. सातव्या होडीवर निळी ताडपत्री ओढलेली, आणि ताडपत्रीच्या आतल्या दोरीवर पुरुषाचे दोन बनियन वाळत घातलेले. मी खोकलो. ताडपत्री हलली आणि तपकिरी स्वेटर बाहेर आला. तीच. हाडामांसाची, जिवंत, हातात झारा घेतलेली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो. मला रडू येत होतं. ती आधी घाबरली, मग माझं तोंड बघून आत गेली आणि पाणी घेऊन आली.

"तुम्ही तेच ना, फाटकावरचे?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती फळीवर माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही लिहिलं नाहीत. मला कळलं. लिहिलं असतंत तर दुसऱ्याच दिवशी कोणी आलं असतं. मी सकाळी सातच्या आत जाऊन परत यायची, नाहीतर संध्याकाळी सातनंतर जायची, तुमची नजर चुकवून. त्या दिवशी ह्यांच्या औषधाला दवाखान्यात रांग लागली आणि उशीर झाला. ह्यांना इतका वेळ एकटं ठेवता येत नाही. चार दिवस जीव मुठीत धरून बसलेय." चार दिवस! मी तिला फटींमध्ये शोधत होतो आणि ती ताडपत्रीच्या भोकातून माझी छत्री बघत होती. आतून पुरुषाचा जड, अडखळता आवाज आला, "अगं, कोण आलंय?" ती मान वळवून म्हणाली, "आपलाच माणूस आहे हो. पडून राहा तुम्ही." मग मला सांगत राहिली. नवरा या होडीचा राखणदार, वीस वर्षं. मालक परदेशी गेला तो गेलाच. दोन वर्षांपूर्वी ह्यांचं डावं अंग गेलं, खोली सुटली, तेव्हापासून इथे.

मी म्हटलं, "एक तारखेला क्रेन येणार आहे." ती म्हणाली, "हो, मिस्त्री बोलला. आम्ही ठरवलंय. त्या दिवशी ताडपत्री घट्ट बांधून घेणार आणि आत आवाज न करता बसून राहणार. रिकामी समजून नेऊन ठेवतील दुसऱ्या धक्क्यावर. ठेवू देत. आम्हाला काय, हा धक्का काय आणि तो काय." तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं पाहुणे आले की आपण आतल्या खोलीत बसू म्हणावं.  मी सांगितलं, ठेवायला नाही नेत, तोडायला नेतात. मशीन असतं. आत कोणी आहे का ते कोणी उघडून बघत नाही, कारण कागदावर शून्य आहे. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा मात्र तसाच होता. "असं घाबरवायला सगळेच सांगतात," ती म्हणाली. "त्या खोलीच्या आधी आम्ही नदीकडच्या वस्तीत होतो. तिथे एक जण आला होता तुमच्यासारखाच, पॅड घेऊन. फार चांगला माणूस. म्हणाला, नाव लिहा, जागा मिळेल. लिहिलं. आठ दिवसांत सामान रस्त्यावर."

 मला तरी कुठे खात्री होती? एका मुलीने फोनवर सांगितलं होतं की नोटीस द्यावी लागते, जागा द्यावी लागते, आणि ती मुलगी मला आवडत होती, एवढाच माझा पुरावा. लिहिलं तर ही बाई कदाचित रस्त्यावर येणार, आणि मी तिच्या आयुष्यातला दुसरा चांगला माणूस ठरणार. नाही लिहिलं तर काही न करता उठून जायचं, ती आभार मानील, पाण्याचा पेला परत घेईल, आणि माझं नाव कुठेच येणार नाही. किती सोपं होतं ते. मी खिशातून फॉर्म काढला आणि घडी उलगडली. फॉर्म दिसल्याबरोबर ती उठून उभी राहिली.

"हे काय?"

"होडीचा नंबर सात," मी म्हटलं. "माणसं किती ते लिहायचंय."

"इथे कोणी राहत नाही." आवाजच बदलला तिचा. दोरीवरचे बनियन तिने ओढून छातीशी धरले. "मी झाडायला येते. मालकाने सांगितलंय. विचारा मिस्त्रीला."

"आणि आत?"

"आत कोणी नाही."

मी तिच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही. ती ताडपत्रीसमोर दोन्ही हात पसरून उभी होती, आणि तिच्या मागून तोच जड आवाज आला, "अगं, त्यांना चहा तरी विचारलास का?"

मी माणसांच्या रकान्यात दोन लिहिलं.